भिजवलेल्या मातीचा आकडा

वाघोलीच्या त्या प्लॉटवर आम्ही मे महिन्यात खड्डा घेतला. काळी माती उन्हाने इतकी कडक झाली होती की टिकाव उडत होता. प्लॉट एका कारखान्यातल्या कामगाराचा. वर्ध्याकडून आलेला, आई आणि बायकोसह भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा. पावसाआधी पाया भरायचा म्हणून शिफ्ट संपली की येऊन उभा राहायचा.

माती तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेत मी नवी इंजिनिअर. हिशेब सोपा असतो. नमुना दाबून फोडायचा. फुटतानाच्या दाबाच्या निम्मी ती मातीची ताकद. तिला साधारण पाचाने गुणायचं, तीनाने भागायचं, की जमीन किती भार पेलेल ते कळतं. आमचे सर नमुना आला तसाच दाबायचे. उन्हाळ्यात आकडे झकास यायचे.

मी एक नमुना भिजवून दाबला. आधी तो फुगला, मग कोरड्याच्या चौथ्या हिश्श्यातच फुटला.

"सर, ऑगस्टमध्येही पाया याच मातीत असेल."

"हो का? म्हणजे पुण्यात पाऊस पडतो तर." त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या घरी पत्रकं छापतात ना? काढा एक, चौकात वाटा."

ते खरं होतं. घरात चळवळीचं वातावरण, पत्रकांच्या घड्या घालतच मी वाढले. म्हटलं, "कोरड्या आकड्यावर मी सही करणार नाही."

"नका करू. भिजलेला आकडा देतो. पण त्या प्लॉटवाल्याला सांगायचं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर तो भिजलेला गोळा मी त्या कामगाराच्या हातात दिला. त्याने अंगठा दाबला, तो सहज आत गेला.

"भिंतीला भेगा पडतीन का जी?"

"पडतील. खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला हवं."

"सारा पैसा खालीच गेला तर वर काय बांधू?"

सरांवरचा माझा राग, निकृष्ट बांधकामांवरचं माझं पाठ भाषण, काहीच त्याच्या कामाचं नव्हतं.

"दोन खोल्या धरल्या होत्या," तो म्हणाला. "एकच बांधू. पण खचली नाही पाहिजे."

रविवारी मी गेले तेव्हा खोदाई मुरमाला लागली होती. त्याची आई काठावर बसून विचारत होती, तिच्या खोलीचं दार कोणत्या बाजूला येणार. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा, मॅडम."

मी सांगितलं, आता एकच खोली होणार आहे. आई मुलाकडे बघत राहिली.