माझ्या अक्षरातली एक ओळ

भूत-बित, करणी-बिरणी असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आले. नातवंडांना पडद्याआडून हात हलवून घाबरवते ती मीच. तेव्हा आधी ऐका, मग खुशाल हसा...

वीस-बावीस वर्षं झाली. बजाजनगरात एका ठेकेदाराच्या शेडमध्ये आम्ही सात जणी रबराचे वॉशर मोजून पिशव्यांत भरायचो. तीन महिने पगार नव्हता. सातांत मी एकटी दहावी पास – तीही दुसऱ्या खेपेला – पण ऐट वकिलिणीची. बाकीच्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या, आणि मला ते खरंच वाटायचं. कामगार कार्यालयात दिलेला अर्ज माझ्याच हातचा.

सुनावणीच्या आदल्या दुपारी ठेकेदारानं मला एकटीला आत बोलावलं. माझे तीन महिन्यांचे पैसे टेबलावर ठेवले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. त्यांच्या नादी कशाला लागता? एवढी एक ओळ लिहून द्या."

लिहिली. 'आम्हा सात जणींना तीन महिन्यांचा पगार मिळाला.' खाली सही. पूर्णविरामसुद्धा ठसठशीत. त्यानं मोठ्यानं वाचून पाहिली, ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं.

बाहेर आमच्या सातांतली अनुसयाबाई उभी. तिच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं.

"काय म्हनला गं?"

"काय नाय. उद्या बघू म्हनला."

"तू हायस म्हनून धीर हाय बघ, मास्तरीण."

पैसे माझ्या पोलक्यात होते...

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ठेकेदारानं कामगार कार्यालयातल्या साहेबांपुढं तो कागद झोकात सरकवला. साहेबांनी दोनदा वाचला.

"हे तुम्ही स्वतःहून देताय?"

"व्हय साहेब. तिच्याच हातचं हाय."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं – "...पगार मिळाला नाही."

कागद माझ्याकडं फिरवला. अक्षर माझंच. 'ही'ची वेलांटी मी लई लांब ओढते, शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्यात – तीच वेलांटी. पूर्णविराम 'नाही'च्या पुढं. 'मिळाला'पाशी खाडाखोड नाही, ठिपका नाही, काही नाही.

मग साहेबांनी पगाराचं रजिस्टर मागितलं. त्यात एकीचीही सही नव्हती. आठवड्यात सगळ्यांचा पगार झाला. माझा दुसऱ्यांदा झाला. ठेकेदाराला तोंड उघडायची सोय नव्हती... आणि मी तोही घेतला.

"त्याच्या म्होरं बसून त्यालाच गंडवलंस व्हय गं?" अनुसयाबाई म्हणाली. मी मान डोलावली. नातीच्या बारशात तिनं मला साडी नेसवली, आल्या-गेल्याला हीच गोष्ट सांगितली. मी हसत बसले, बावळट.

अनुसयाबाई गेल्या वर्षी गेली. तिला खरं सांगायला मला वीस वर्षं मिळाली होती. सांगितलं नाही.

सून म्हणते, "आई, तुमच्या मनाला पटलं नसेल, हातानं आपसूक लिहिलं असेल." तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्यानं तो कागद माझ्यासमोर वाचला होता. आणि त्या वेळची मी मला चांगली ठाऊक आहे – पैसे हातात असताना 'नाही' लिहिणारी ती बाई नव्हती.

कुणी लिहिलं, मला आजही माहीत नाही. मी नव्हे, एवढंच सांगते.