नवऱ्याची मुलाखत

वर्गातली मुलं त्यांना काकू म्हणायची. पहिल्या दिवशी त्या दारातून आत आल्या तेव्हा अर्धा वर्ग उभा राहिला होता. मुलांना वाटलं, मॅडम आल्या. काकू मागच्या बाकावर जाऊन बसल्या, डबा आणि चष्मा काढून ठेवला, तेव्हा उभी असलेली मंडळी ओशाळून खाली बसली. सकाळी लाँड्रीच्या काउंटरवर लोकांच्या शर्टांना चिठ्ठ्या टाचायच्या आणि दुपारी युनिव्हर्सिटी गाठायची, असा काकूंचा दिवस.

डिग्री जोड होती, कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र एकदम. एकाच कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन विभाग. कायद्याचे सर म्हणायचे, आरोपीने गुन्हा कबूल केला ना, मग का केला ते त्याने आपल्या आईला सांगावं, मला कलम सांगा. दुसऱ्या टोकाच्या मॅडमचं म्हणणं, कलम कोणीही शोधेल. का केला ते कळलं नाही तर तुम्ही नुसतीच बाकं झिजवलीत. मधे पाण्याचं मशीन होतं. तिथे मुलं हसायची, की तिकडे माणूस आरोपी असतो, इकडे नमुना असतो, आणि माणूस म्हणून फक्त या मशीनपाशी उभा राहतो. काकूही हसायच्या, पण जरा उशिरा.

कारण काकूंच्या घरात असा एक माणूस होता. काकूंचे यजमान, म्हणजे नात्याने वर्गाचे काका. यंत्रांच्या गोदामावर पहारेकरी होते. साधा, शांत माणूस. शेजाऱ्याची पिशवीसुद्धा तिसऱ्या मजल्यावर नेऊन देणारा. एके दिवशी त्यांनी गोदामाच्या मागच्या फाटकाची कडी काढून ठेवली आणि चोरांनी निवांत टेम्पो भरला. काकांना त्यातून दमडी मिळाली नव्हती. पोलिसांनी विचारलं, तुम्हीच काढलीत का कडी? काका हो म्हणाले. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल? काका हो म्हणाले. शिक्षा भोगून घरी आले आणि ‘का’ म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसू लागले. काकूंनी गोडीने विचारून पाहिलं, चिडून विचारलं, अबोलाही धरला. अबोल्याचा तर काकांना उपयोगच झाला.

शेवटी काकूंनी कॉलेजात नाव घातलं. नणंद फोनवर म्हणाली, “नवऱ्याशी भांडणाऱ्या पाहिल्यात, नवऱ्याला सोडणाऱ्या पाहिल्यात. नवऱ्यावर डिग्री करणारी तूच पहिली गं, वहिनी.”

नणंदेचं चुकलं नव्हतं. प्रत्येक वर्षी जो सिद्धांत शिकवायचे तो काकू घरी नेऊन काकांना घालून बघायच्या. माणूस संगतीने बिघडतो, असं वाचलं तेव्हा त्यांनी काकांचे मित्र आठवले. मित्र दोन, दोघेही कॅरमवाले, आणि त्यातल्या एकाला तर हरायचीच सवय. मग वाचलं की संधी दिसली की हात पुढे होतो. पण काकांनी हात कुठे पुढे केला होता? एकही सिद्धांत त्यांच्या अंगाला बसेना. खांद्यात घट्ट व्हायचा, नाहीतर कमरेत ढगळ.

शेवटच्या वर्षी शिक्षा भोगून आलेल्या एका माणसाची सविस्तर मुलाखत घ्यायची होती. मॅडमनी सुचवून पाहिलं की घरातला माणूस नको, पण मनाई केली नाही. काकूंनी त्याच दिवशी काकांना विचारलं. नाही म्हणतील म्हणून उत्तराला उत्तर तयार ठेवलं होतं. काका म्हणाले, “घे.”

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि घसा खाकरला. मुलाखतीआधी चार ओळी वाचून दाखवायच्या, हा नियम. वर्गात शंभरदा घोटलेला. समोर नवरा आहे हे विसरून काकूंनी त्या तशाच सरकारी सुरात वाचल्या, की आपल्याला नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर आपण देऊ नये, आपण केव्हाही उठून जाऊ शकता, आपल्याला कारण विचारलं जाणार नाही.

काकांनी मान वर केली. “परत वाच.”

काकूंनी परत वाचलं.

“हे खरंच असं आहे, की नुसतं वाचायचं असतं?”

“खरंच आहे,” काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

“मग मी उठतो.”

आणि उठले. दोन खोल्यांचं घर, जाऊन जाऊन माणूस जाणार कुठे? काका गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मधे नुसता पडदा. काकूंच्या आतली बायको खुर्चीवरून अर्धी उठली होती. दंडाला धरून आत आणावं आणि म्हणावं, इतकी वर्षं मी लोकांच्या नजरा झेलल्या त्या कशासाठी? पण नुकतंच स्वतःच्या तोंडाने वाचलं होतं, कारण विचारलं जाणार नाही. काकू परत बसल्या. मोबाइल बराच वेळ टेबलावरची शांतता रेकॉर्ड करत होता. मग त्यांनी तो बंद केला आणि जे काही आत गेलं होतं ते पुसून टाकलं.

वर्गातल्या पोरी म्हणाल्या, काकू, तुम्हीच लिहा ना उत्तरं, तुमच्याएवढं काकांना कोण ओळखतं? पण काकू काय लिहिणार, हेच तर माहीत नव्हतं. मॅडमकडे जाऊन त्यांनी दुसरं माणूस मागितलं. दुकानातून कपडे उचलताना पकडली गेलेली एक बाई मिळाली. ती इतकं बोलली की काकूंचा हात दुखून आला. काम जमा झालं. घरी काकूंनी एवढंच सांगितलं की तुमचं नाव काढून टाकलंय, आता कोणी काही विचारणार नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी दोघं मोठी चादर घडी घालत होते. दोन टोकं काकूंकडे, दोन काकांकडे. चादर ताणली, दुमडली, काका जवळ आले आणि टोकं हातात देता देता म्हणाले, “कारण असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं गं. कारणच नाही.”

काकूंनी टोकांना टोकं जुळवली. काका बोलत राहिले.

“मालाचा टेम्पो घेऊन यायचा तो माणूस. चांगलं बोलायचा. म्हणाला, उद्या मागची कडी काढून ठेवा. मला कळलं होतं. पण तोंडातून ‘हो’ निघालं. पोलिसांनी विचारलं, ‘हो’ निघालं. जजसाहेबांपुढे तेच. तू म्हणालीस मुलाखत देता का, तेव्हाही तेच. मला नाही म्हणायला जमतच नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी तुला तोंड कसं दाखवायचं? त्यापेक्षा तू काहीतरी मोठं समजत होतीस ते बरं होतं.”

काकूंच्या डोक्यात कॉरिडॉरची दोन्ही टोकं एकदम जागी झाली. टेबलापासून उठला तेव्हा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला होता, आणि काकू पडद्याकडे बघत मनातल्या मनात त्याला शिव्या देत बसल्या होत्या. मॅडमच्या कुठल्याच पुस्तकात हे असं नव्हतं. निदान काकूंनी तरी वाचलं नव्हतं.

“मी हे लिहू?” त्यांच्याने राहवेना. “नाव नाही घालणार. कोणाला कळणार नाही.”

काकांनी चादरीची कड सरळ केली. ओठ हलले, थांबले. ‘हो’ अगदी दातांपर्यंत आलेलं काकूंना दिसत होतं.

“नाही,” काका म्हणाले.

काकूंनी चादर कपाटात ठेवली आणि दुसरी उचलून दोन टोकं त्यांच्या हातात दिली.