फोटो ठेवायचा की परत द्यायचा

जळोचीच्या आमच्या नर्सरीत फोटोग्राफर वर्षातून एकदाच येतो. फोटो काढायला अर्धा दिवस लागतो, पण ते विकत घ्यायचे की परत द्यायचे, हे ठरवायला पालकांना आठवडा पुरत नाही. मी तिथं शिकवते, त्यामुळं ही सगळी ठरवाठरवी माझ्या टेबलापाशी चालते. एक धक्का ओसरतोय तोवर दुसरा दारात चप्पल काढत असतो. गेल्या वर्षीचंच सांगते.

*

सतीश हा आमचा फोटोग्राफर. पोरांना कोट घालून हिरव्या पडद्यापुढं बसवतो आणि मागचं चित्र नंतर कॉम्प्युटरवर टाकतो. गेल्या वर्षी त्यानं सगळ्यांच्या मागं बर्फाचे डोंगर टाकले होते.

विहानचे आबा सोमेश्वरनगरकडचे, मोठे ऊसवाले. त्यांनी नातवाचा फोटो आधी लांब धरला, मग जवळ धरला. चेहरा असा झाला की मला वाटलं, भलत्याच पोराचा फोटो दिला की काय.

"आमचा एवढा ऊस उभा हाय, आन् पोरगं बर्फात बसवलंय?"

मागं ऊस टाकला तरच फोटो घेणार म्हणाले. सतीश बिचारा तयार झाला आणि दोन दिवसांनी ऊस टाकून घेऊन आला. आबा बघतच राहिले. मला वाटलं, गहिवरले.

"ह्याला तर तुरा आलाय," आबा हळूच म्हणाले. "हे भिंतीला लावलं तर पाव्हणं म्हणतील, ऊस रानात म्हातारा झाला तरी आबाला अजून कारखान्याची तोड मिळाली न्हाय."

शेवटी बर्फाचाच घेऊन गेले.

*

तांबोळींची जुळी पोरं, अयान आणि अरहान. त्यांच्या अम्मीनं, नसरीनभाभींनी, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा हात तोंडावर गेला. दोन्ही फोटो अयानचेच होते.

चौकशी केली तेव्हा कळलं, फोटो काढला की सतीश चॉकलेट देत होता. अयान एक चॉकलेट खाऊन पुन्हा रांगेत उभा राहिला होता. अरहान घसरगुंडीखाली लपलेला. रांगेवर लक्ष ठेवायला मीच होते. एक फोटो परत घेते म्हटलं.

तेवढ्यात त्यांचे अब्बू दुकान बंद करून आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही फोटो पिशवीत टाकले.

"राहू द्या बाई. घरी आमी पण कधीकधी एकालाच दोनदा आंघोळ घालतो."

*

ओवीच्या फोटोचं मात्र हसू आलं नाही. ओवी छान सावळी, मोठ्या डोळ्यांची. सतीशनं न सांगता सगळी पोरं गोरी करून टाकली होती. ओवीची आजी फोटोवर एकदम खूश. किती उजळ आलीय म्हणून शेजारणीला दाखवत होती, पाकिटातले पैसेसुद्धा बाहेर निघाले होते. ओवीची आई शेजारीच उभी होती.

ओवीनं आजीच्या हातातला फोटो ओढून घेतला, नीट बघितला आणि माझ्याकडं आणून दिला.

"बाई, हिचं नाव काय?"

आजीचा हात तिथंच थांबला. ओवीच्या आईनं फोटो सतीशपुढं ठेवला आणि एवढंच म्हणाली, "माझी पोरगी हाय तशी काढून द्या."

त्या दिवशी सतीशनं घरी जाऊन सगळ्या वर्गाचे फोटो परत छापले.

*

कन्हेरीहून एक आजी नातवाचा फोटो परत द्यायला आल्या. मोबाइलमध्ये ढीगभर फोटो असताना हा कशाला, असं मुलाचं म्हणणं. जाता जाता त्यांनी सहज सतीशला विचारलं, परत आलेल्या फोटोंचं काय करतोस? तो म्हणाला, फाडून टाकतो.

आजी खुर्चीवर बसल्याच. "जित्या लेकराचा फोटू फाडतूस?"

नातवाचा फोटो त्यांनी पदराखाली घेतला. पण तेवढ्यावर भागलं नाही. शाळा सुटायच्या वेळी त्या गेटवर उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक आईला तेच सांगत सुटल्या. संध्याकाळपर्यंत परत आलेला एकही फोटो सतीशकडं उरला नाही.

त्यानं आजींचा मोबाइल नंबर मागून घेतला. पुढच्या वर्षी कधी येऊ, हे त्यांनाच विचारणार म्हणे.

*

फक्त स्वराचा फोटो माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. तिची आई मनीषा कपड्यांच्या कंपनीत कामाला. स्वरा तान्ही असतानाच ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि माहेरी जळोचीत राहायला आली. फोटोचं विचारलं की, थांबा, सांगते म्हणायची.

फोटो परत करायच्या शेवटच्या दिवशी एक माणूस हातात हेल्मेट घेऊन दारात आला. स्वराचा फोटो विकत मिळेल का, म्हणाला. तुम्ही कोण, असं मी विचारलं.

"मी तिचा बाप. इंदापूरला ष्ट्यांडजवळ गॅरेज हाय माझं."

 आईला विचारल्याशिवाय देता येणार नाही, असं मी सांगितलं आणि त्यांच्यासमोरच मनीषाला फोन लावला.  ती म्हणाली, देऊ नका. त्यांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी वाद घातला नाही. नुसता बघू का, म्हणाले. त्यालाही मी नाही म्हटलं.  त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मनीषा स्वराला सोडायला आली. फोटो मागितला. पोरगी आत पळाली तरी ती फोटो हातात घेऊन उभीच होती.

"बाई, ह्या फोटोग्राफरचं दुकान कुठं हाय?"

"इंदापूरला. स्टँडसमोर."

"दुकानाच्या काचेत मोठे फोटो लावत्यात का ते?"

लावतात, म्हटलं.

तिनं फोटो माझ्या हातात दिला. "मग हा मोठा करून लावायला सांगा. रस्त्यावरनं दिसंल असा."