एकशे बारा नंबरचा फॉर्म

अंबरनाथच्या बौद्ध वधू-वर मेळाव्यात माइक यशोधराचाच, हे अकरा वर्षं ठरलेलं. जेवणातली भाजी कितीही खारट होवो, तिच्या आवाजाला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. "नंबर चाळीस, स्टेजवर या. लाजू नका, इथं कोणी खात नाही," असं ती म्हणायची आणि पाय लटपटणारी पोरंसुद्धा हसत वर चढायची.

ती स्वतः एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. आनंदनगरच्या एका कारखान्यात कारकून. बदलापूरला हेंद्रेपाड्यात ती कुमुदिनी नावाच्या शिक्षिकेबरोबर राहायची. लोक म्हणायचे, दोघी मैत्रिणी, एकमेकींना सोबत. ‘मैत्रिणी’ या एका शब्दाच्या आडोशाला दोघींनी दहा वर्षं काढली. कुमुदिनी आपली जोडीदार आहे हे यशोधराने कोणालाच सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच. सांगितलं की आईला धक्का बसेल, माइक जाईल, विहारातली सतरंजीवरची जागा जाईल, जय भीम घालणारी माणसं तोंड फिरवतील, ही धास्ती. आणि या माणसांवाचून तिला करमायचं नाही, हेही खरंच.

२००६च्या मेळाव्यात एकशे अकरा नंबरचा मुलगा खाली उतरला. तिने गठ्ठ्यातला पुढचा फॉर्म उचलला, "नंबर एकशे बारा," म्हणाली आणि फॉर्म डोळ्यांजवळ धरला. नाव तिचं, वय तिचं, नोकरी तिची. रंग तेवढा गोरा, ती मात्र शुद्ध थाप. अध्यक्ष बबनकाका मिशीत हसत होते. पहिल्या रांगेत तिची आई सुंदराबाई नवी पांढरी साडी नेसून टाळ्या वाजवत होती.

"बोला ताई," बबनकाका म्हणाले. "आज तुमचा नंबर. अपेक्षा सांगा."

काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. पण दाराशी नंबरचे बिल्ले वाटत बसलेल्या कुमुदिनीने मान खाली घातली आणि यशोधराला ते बघवेना.

"अपेक्षा काही नाही," ती म्हणाली. "माझा संसार आहे. दहा वर्षं झाली. कुमुदिनीबरोबर."

टाळ्या थांबल्या. चारशे माणसांच्या माना दाराकडे, कुमुदिनीकडे वळल्या. बबनकाकांनी तिच्याकडे न बघता तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि पुढचा नंबर पुकारला.

ती बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. सुंदराबाई मागोमाग आली.

"आई, तुला आधी सांगायला हवं होतं," यशोधरा म्हणाली. "तुला सोसणार नाही म्हणून..."

"मला काय सांगतीस? तू तापानं फणफणली व्हतीस ना, तवाच कळलं. ती रात्रंदिस तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली व्हती. मैतरीण अशी बसत नाय."

"मग हा फॉर्म कोणी भरला?"

"मीच भरून घेतला. घरात तू ऐकली नसतीस. इथं आपल्या माणसांपुढं तुला लग्नाला नाय म्हणता येणार नाय, असं वाटलं मला."

यशोधरा पायरीवर बसली. माइक गेला, तेही तिने सोसलं असतं. पण जिला धक्का बसू नये म्हणून ती दहा वर्षं तोंड शिवून राहिली, तिनेच सगळं माहीत असून तिला चारशे माणसांपुढं उभं केलं होतं. कुमुदिनी येऊन शेजारी बसली. सुंदराबाईने डोळ्यांना पदर लावला. दोघींपैकी एकीलाही उठून तिची समजूत काढावीशी वाटली नाही.