कोरड्याचं कोरडं, ओल्याचं ओलं

कुसुममावशी लग्नात भांडं द्यायच्या, पण त्यावर नाव घालायच्या नाहीत. वजन घालायच्या. आपल्याकडे भांड्यावर काय काय कोरतात ते सांगायला नको: देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख, आणि जागा उरलीच तर 'सप्रेम भेट'. आमच्या लग्नात मावशींनी स्टीलचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, दिलं. बायकोनं हौसेनं उलटा करून पाहिला, तर बुडावर कोरलेलं, 'रिकामा – १ किलो ४४० ग्रॅम'. बस्स, एवढंच. नवी नवरी बिचारी, तिला वाटलं दुकानदार नाव घालायला विसरला. आई मात्र खालच्या क्वार्टरमधल्या या बाईला पुरती ओळखून होती. ती जिन्यातूनच ओरडली, "कुसुम, नाव टाकाचं सोडून हे काय टाकलं वं?"

"नाव तं तुमाले मालूमच हाय," खालून उत्तर आलं. "रिकाम्याचं वजन मालूम नसन तं भरल्याचं कसं समजन?"

मावशी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन भिलाईला आल्या आणि पुढे स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्या. काम काय, तर कोळशाचा नमुना तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा, आणि त्यात पाणी किती होतं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. वर्षानुवर्षं हेच. निवृत्त झाल्या तरी हात काही थांबले नाहीत. एकदा बायकोनं त्यांच्याकडून वाटीभर साखर आणली आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर परत केली. पाच मिनिटांत मावशी कागदाची पुडी घेऊन दारात हजर. "बारा ग्रॅम जास्त आली. घे." मी त्यांच्या माघारी त्यांना 'काटा' म्हणायचो. आता त्या जवळच उतईला मुलानं बांधलेल्या घरात राहतात आणि सेक्टर दहाचा आमचा जिना ओका ओका वाटतो.

तर सांगायची गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची, मीनाची; मावशी अजून खालीच राहत होत्या तेव्हाची. मीना दुर्गला मोहन नगरात राहते. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चाळिशीही न गाठलेली माझी बहीण वाळल्या शेंगेसारखी झाली होती. मूत्रपिंड द्यायचं तर आईला साखरेचा आजार, जावईबापूंचं जुळेना. जुळलं ते माझं. रायपूरचे डॉक्टर माझे सगळे रिपोर्ट पाहून खूश झाले आणि मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली. म्हणाले, "किडनी अच्छी है, आदमी ज़्यादा है." माझं वजन चौऱ्याण्णव किलो. चौऱ्याऐंशीवर आणा, मग ऑपरेशनची तारीख देतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मी भात सोडला. तूप सोडलं. ऑफिसच्या गेटवरचा समोसा सोडला, त्या दिवशी तर समोसेवालाही हळहळला असेल. पण जिभेचे चोचले पुरवायला काहीतरी हवंच ना! माझी मुलगी ऋचा अकरावीत. तिनं फोनवर कॅलरींचा तक्ता काढला. त्यात लिहिलं होतं, पास्ता, शंभर ग्रॅम, दीडशे कॅलरी. मी उडालोच. ऋचाच्या नादानं मला पास्त्याचं वेड लागलेलं होतंच, आणि हा तर दूधभाकरीइतका गरीब निघाला! स्वयंपाकघरासाठी इलेक्ट्रॉनिक काटा आणला, रोज दोनशे ग्रॅम पास्ता तोलायचो, उकडायचो, आणि वहीत ठळक अक्षरात लिहायचो, 'तीनशे कॅलरी'. रोज बशी चाटूनपुसून साफ.

चौऱ्याण्णवाचे एक्क्याण्णव झाले आणि वजन तिथंच अडलं. एक आठवडा, दोन, पाच. सकाळी उठून मैदानाच्या चकरा मारल्या, मंगळवार केला, शनिवार केला. हलेना. एका रविवारी दुपारी मीनाचा फोन आला. "दादा, राहू दे न. तुले नाही झेपत तं नको करू. मी हाय नं बरी." बरी कसली, आवाज विहिरीतून आल्यासारखा. फोन ठेवला आणि मी जिन्यात जाऊन बसलो. एवढा बाप्या माणूस, पण रडू फुटलं. बहिणीचा जीव माझ्या पोटाच्या घेरात अडकला होता, आणि मला तो सोडवता येत नव्हता.

"का जी बापू, इथं कावून बसला?" मावशी खालून वर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "वही आण."

वही त्यांनी प्रयोगशाळेचं रजिस्टर वाचावं तशी वाचली, ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे दोनशे ग्रॅम कोरडं का ओलं?"

"कोरडं. शिजलेलं कोन तोलते, मावशी?"

"अन् हे शंभराले दीडशे, हे कोरड्याचं का ओल्याचं?"

ऋचानं फोन काढला. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, ते तिनं बोटांनी मोठं केलं आणि तोंडावर हात ठेवला. "पप्पा, ये तो पके हुए का है!" कोरड्या पास्त्याला शंभराला साडेतीनशे. म्हणजे मी तीनशे लिहून सातशे खात होतो. दीड महिना! बायको हसायला लागली, ऋचा हसायला लागली, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हसल्या नाहीत त्या एकट्या मावशी.

"हासू नका वं. त्याची काय चूक? आपल्या घरी तांदूळ मापतेत, भात कोनी मापते का? आमच्या लॅबमंधी नवीन पोरं हेच करत. कोळशाचं वजन लिहून देत, अन् ओला व्हता का वाळला व्हता ते लिहतच नसत. कोरड्याचं कोरडं, ओल्याचं ओलं. दोन्ही एका वहीत मिसळले का भट्टीबी फसते अन् मानूसबी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः ओट्यापाशी उभ्या राहिल्या. घरातल्या चौघांचा मिळून अडीचशे ग्रॅम कोरडा पास्ता तोलला. उकडला, निथळला, लग्नातल्या त्या गंजात घालून काट्यावर ठेवला आणि गंजाचं वजन वजा केलं. पाचशे पंचाहत्तर.

"अडीचशेचे पावनेसहाशे झाले. तुह्या वाट्याचे कोरडे साठ. तं ओले किती, ऋचा?"

"एकशे अडतीस."

मावशींनी एकशे अडतीस ग्रॅम बशीत वाढले. शेवटची नळी जड झाली म्हणून सुरीनं अर्धी कापली! मी बशीकडे पाहत राहिलो. "मावशी, हा पास्ता हाय का निवद?"

"निवदच समज. काकडी खा, मुळा खा, ते मी नाही तोलत."

मला वाटलं, चला, आकडा सापडला. आता रोज एकशे अडतीस. पण दोन दिवसांनी मी तसं वाढून घेतलं तर मावशी कडाडल्या. "आज दोन मिनटं जास्त उकडला. पानी जास्त पेला त्यानं. परवाचा आकडा आज चालते का? सगळा तोल अन् मंग वाटा काढ." तेलही चमच्यानं नाही, ग्रॅमनं. एकदा मी चीज किसताना थोडं तोंडात टाकलं, तर म्हणाल्या, "तोंडात गेलं ते वहीत लिही. पोट काही चोरी माफ करत नाही." मी वैतागायचो, कुरकुरायचो, बायकोपाशी त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. पण काटा हलला! नव्वद झालं, अठ्ठ्याऐंशी झालं. पँट पट्ट्यात गोळा होऊ लागली. मीनाला फोनवर आकडा सांगितला की ती हसायची, आणि ते हसणं ऐकायला मी कच्ची काकडीसुद्धा आनंदानं चावत होतो.

तीन महिन्यांनी रायपूरला जायचं ठरलं. मी, मीना, जावईबापू आणि मावशी. मावशींनी गाडीत एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. ही जड! मला वाटलं, डबा असेल. मनात म्हटलं, शेवटी विरघळली बाई, आज काहीतरी चमचमीत आणलंय.

दवाखान्यात मी वजनाच्या काट्यावर चढलो. त्र्याऐंशी आठशे. मी ओरडलोच, "झालं!" मीनानं बाकावरून टाळ्या वाजवल्या. आणि मावशी पुढे आल्या, मला खाली उतरवलं, पिशवीतून वाण्याकडचं पाच किलोचं लोखंडी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. काट्यानं चार किलो चारशे दाखवले.

"सहाशे ग्रॅम कमी दाखवून राहिला," मावशी शांतपणे म्हणाल्या. "म्हंजे तू चौऱ्याऐंशी चारशे."

माझं डोकंच फिरलं. "मावशी! तुमी माह्या बाजूच्या का काट्याच्या? एवढं जमलं, अन् तुमी बिघडवता?"

"बापू, भुलीचं औषध वजनावर देतेत," लोखंडी वजन पिशवीत परत टाकत त्या म्हणाल्या. "खोट्या आकड्यावर मी तुले त्या टेबलावर नाही चढू देत. तिले भाऊबी पाह्यजे, नुसता तुकडा नाही."

डॉक्टर दारातून सगळं पाहत होते. म्हणाले, "चार सौ ग्राम के लिए मैं नहीं रुकूँगा, माताजी. लेकिन ये काँटा आज ही बदलेगा." आणि त्यांनी तारीख दिली. जावईबापू भर दवाखान्यात मावशींच्या पाया पडले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चाकांच्या खुर्चीवर बसवून मीनाच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. मावशी आधीपासून तिथं उभ्या. आत जायची परवानगी नव्हती, पण नर्सला त्यांनी कसं पटवलं कुणास ठाऊक, मीनाची लघवी मोजायचं भांडं नर्स दर वेळी काचेपाशी आणून दाखवत होती. माझं मूत्रपिंड माझ्या बहिणीच्या पोटात काम करतंय की नाही, ते त्या भांड्यावरच कळणार होतं. नर्स आली. भांडं वर धरलं.

मावशी वाचेनात. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "बापू, तूच वाच न. मले नाही दिसून राहिलं."

"साडेअकराशे मिली, मावशी."

"पुन्हा वाच."

"साडेअकराशे."

आत मीनानं अंगठा वर केला. मावशींच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, आणि त्या तशाच माझी खुर्ची सोडून व्हरांड्यात पळाल्या. लिफ्टपाशी एक अनोळखी चौकीदार स्टुलावर बसला होता. त्याचे दोन्ही हात धरून मावशी ओरडल्या, "ग्यारह सौ पचास हुआ, भैया! ग्यारह सौ पचास!"

तो बिचारा गोंधळून उठून उभा राहिला. कशाचे ते त्यानं विचारलं नाही. "बधाई हो, माताजी," म्हणाला, आणि तोही हसायला लागला.