आम्ही फक्त दात घासतो

दवाखान्यात गेलं की केसपेपर लिहिताना विचारतात, "काही व्यसन?" हा प्रश्न मला आजवर कितीतरी वेळा विचारला गेला आणि दर वेळी मी ताठ मानेनं "न्हाई" म्हणाले. खोटं बोलत नव्हते मी. तेच तर सांगायचं आहे, आणि सांगताना अजून डोकं तापतं.

आम्ही बायका तंबाखू खात नाही, आम्ही दात घासतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. तिला कुणी मशेरी म्हणतं, आमच्या पाली गावात मिसरी म्हणतात. चिमूटभर बोटावर घ्यायची आणि मोरीच्या दगडावर बसून दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत राहायची. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, चहा झाल्यावर, जावेशी भांडण झाल्यावर. दिवसातून सात-आठ वेळा दात घासणारी बाई आणखी कुठे असेल तर मला दाखवा! पण शब्द कसा सोज्वळ बघा. पुरुष खातात ते व्यसन, आणि आम्ही करतो ती स्वच्छता.

मागे आमच्या बचत गटाला लिंबागणेशला एका व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला नेलं होतं. कडक इस्त्रीचे एक पाहुणे तासभर इच्छाशक्तीवर बोलले. मनात आणलं तर माणूस डोंगर हलवतो, ज्याचं मन दुबळं तोच व्यसनात अडकतो, असं बरंच काही. मग आमच्याकडे वळून हसत म्हणाले, "माता-भगिनींनो, तुम्हाला कसलं आलंय व्यसन? तुम्ही फक्त घरधन्याला वठणीवर आणा." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग चहा झाला आणि आम्ही सगळ्याजणी मंडपामागे ओळीनं बसून दात घासले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत एक मारून घ्यावीशी वाटते. एक त्या पाहुण्यांच्याही.

त्यानंतर माझी लेक पहिल्या बाळंतपणाला तेलगावहून माहेरी आली. सातवा सरत आला होता. बीडला तपासायला नेली तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं वजन वाढायला पाहिजे तसं वाढत नाही. "तंबाखू वगैरे काही? त्यानं बाळ पोटात खंगतं, म्हणून विचारते." लेक त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "न्हाई." मी शेजारीच बसले होते. तिचा उजवा हात टेबलावर होता आणि मिसरीच्या बोटाच्या नखाची कड काळी होती. अगदी माझ्या नखासारखी. मी माझा हात पदराखाली घेतला.

परत येताना जीपमध्ये मी हळूच विचारलं, "अगं, खोटं कावून बोललीस?"

"काय खोटं बोलले?" तिला खरंच कळेना.

"मिसरी."

"ते काय व्यसन हाय का आई? दात घासते नुसती. आन् तूच तर लावलीस मला, दाढ दुखत व्हती तवा."

खरं होतं. पोर अकरा वर्षांची होती, दाढेच्या कळेनं आडवी-उभी लोळत होती. मी माझ्या डबीतली चिमूट तिच्या हिरडीवर दाबली. तिला गरगरलं आणि ती झोपली. चला, दाढ थांबली, म्हणून मी चार जणींना कौतुकानं सांगितलं होतं. माझ्या आईनं मला लावली होती तेव्हा तीही अशीच खूश झाली असेल.

घरी मी ही गोष्ट काढली तर आमचे मालक तळहातावर तंबाखूला चुना मळत म्हणाले, "मन घट्ट करा, सुटतंय. माझं बघ, मनात आणलं तर उद्या सोडीन."

"मग आणा की मनात!"

"मी कावून आणू? मला कुठं बाळंत व्हायचंय?"

हा असा न्याय. बोलून काही उपयोग नव्हता. आम्ही मायलेकींनी तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली आणि दोन्ही डब्या उकिरड्यावर फेकल्या. दोन दिवस डोकं ठणकलं, पण शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी जेवण झालं आणि कधी उठले, कधी चुलीपाशी गेले, मला काही आठवत नाही. भानावर आले ती मोरीच्या दगडावर, बोट तोंडात. बोटावर चुलीतली राख! शपथ मी घेतली होती, बोटानं नव्हती घेतली.

पाचव्या दिवशी लेकीनं गल्लीतल्या कुणाकडून तरी चिमूट मागून आणली. मी नको नको ते बोलले तिला. पोटावर हात ठेवून ती रडायला लागली. "माझ्यात दमच न्हाई आई. माझं मन लई कच्चं हाय."

मला त्या इस्त्रीवाल्या पाहुण्यांचा असा संताप आला! सासरी एकटीनं आठ माणसांचा स्वयंपाक ओढणारी माझी पोर, तिचं मन कच्चं? अकरा वर्षांच्या मुलीच्या हिरडीवर चिमूट ठेवली तेव्हा तिचं मन कुणी विचारलं होतं?

आमचा आवाज ऐकून शेजारच्या भाभी आल्या. त्यांच्या मालकांचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे, त्या घरी शिवणकाम करतात. पान-तंबाखू त्यांनी स्वतः सोडलेली. सगळं ऐकून म्हणाल्या, "मन को कायकू कोसते? मन को पताच नै चलता, उंगली चली जाती. उंगली को बांधो ना." आणि शिवणातल्या दोन चिंध्या आणून त्यांनी आमची दोघींची बोटं घट्ट बांधली, वर कडुनिंबाचा पाला चोळला.

एवढीशी गोष्ट. बोट सवयीनं निघायचं, कडू चिंधी दातांना लागायची आणि आम्ही जाग्या व्हायचो. अरे, मी इथं कशाला आले? लेकीचं बोट गेलं की ती ओरडायची, "गेलं गं आई!" माझं गेलं की मी. मोरीच्या दगडावर मी हंडा पालथा घालून ठेवला, बसायला जागाच नको. चिडचिड व्हायची, भांडणं व्हायची, एकदा तर ती बॅग भरून तेलगावला निघाली होती. मालकांनी विचारलं, "बोटाला काय लागलं गं?" म्हटलं, "आमचं मन हितंच असतंय."

तीन आठवड्यांनी परत बीडला गेलो. चिंध्या तशाच होत्या. या वेळी कागद नर्सबाई भरत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "व्यसन?"

लेक माझ्याकडे बघायला लागली.

"मिसरी," मी म्हणाले. "तीन आठवडं झालं, सोडलीय."

"मिसरीला रकाना न्हाई मावशी. आन् सोडलीय तर कशाला लिहायचं?"

"बाळाचं वजन कशानं कमी हाय ते कळाया नको का? बाजूला लिहा, पण लिहा."

त्यांनी माझ्याकडे जरा रागानंच बघितलं आणि कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं. "कधीपासून घासत व्हती?"

"अकराव्या वर्षापासून," मी म्हणाले. "मी लावली."

त्या लिहीत होत्या तेवढ्यात माझ्या दातांना काहीतरी कडू लागलं. बघते तर माझं बोट तोंडात होतं. लेकीनं माझा हात धरला, खाली आणला आणि वजनकाट्यावर आमचं नाव पुकारेपर्यंत धरून ठेवला.