आईने बसवलेला देव

आमच्या भागात जागा साफ करणारा ठेकेदार मिळवायचा म्हणजे आधी त्याच्या पाया पडायचं. फोन केला की "उद्या येतो मॅडम," आणि उद्या फोन केला की उचलतच नाही. या माणसाने मला महिनाभर झुलवलं. प्लॉट अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, वडिलांनी हौसेने घेतलेला. ते गेल्यावर तिथे वेड्या बाभळी माजल्या आणि आजूबाजूच्या वस्तीने आपला कचरा हक्काने आणून टाकला.

मी अमरावतीच्या राजापेठेत शिकवण्या घेते आणि आईबरोबर दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. आईचे गुडघे पार गेले आहेत. दवाखान्यात जायचं असेल तरच ती जिना उतरते, एरवी तिचं जग म्हणजे खिडकी. तिला दार उघडून सरळ अंगणात जाता यावं, एवढ्यासाठी मला त्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या होत्या.

शेवटी एकदाचा जेसीबी आला. दुपारपर्यंत बऱ्यापैकी काटेरी झुडपं निघाली. मधोमध एक थोराड बाभूळ होती आणि तिच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड. तिथे मशीन थांबलं. ऑपरेटर खाली उतरला, चपला काढून पाया पडला आणि त्याच बाभळीच्या सावलीत बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागला.

"काय झालं?" मी ठेकेदाराला विचारलं.

"तिथं मशीन नाही लावत आमी. मुंजा देव हाय तो."

"अहो, घर नेमकं तिथेच बांधायचंय. प्लॉट माझा आहे."

"प्लॉट तुमचाच हाय मॅडम. देव सगळ्याईचा हाय."

माझं डोकं फिरलं. मला पुढचं सगळं दिसत होतं. आज दगड आहे, उद्या ओटा होईल, परवा टिनाचं शेड, मग लाऊडस्पीकर आणि महाप्रसाद. मग मी घराचा नकाशा घेऊन गेले की मलाच नास्तिक म्हणून हाकलतील. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला, आणि त्या शांतपणाचा मला जास्त राग आला.

घरी येऊन पर्स पलंगावर आपटली. आई अंबाडीची भाजी निवडत होती. "कोण हरामखोर माझ्या जागेत शेंदूर फासून गेला, तो एकदा सापडू दे," मी म्हणाले.

"शिव्या नको देऊ वं," आई भाजीतून मान वर न करता म्हणाली. "म्याच लावला."

मी तिच्या हातातली भाजी काढून घेतली.

"तुये बाबा गेले तवा शेजारचा तिथं म्हशी बांधाले लागला होता. दोन बाया आपण, त्याले हाकलणार कोण? मंग आपला जुना धुण्याचा दगड रिक्षात घालून नेला न शेंदूर लावला. म्हशी गेल्या त्याच्या."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू इचारलं कवा?"

हसू यायला हवं होतं, पण आला संताप. जिच्यासाठी घर बांधायचं, तिनेच मधोमध देव बसवून ठेवलेला! मी म्हटलं, "उद्या चल आणि जे मला सांगितलंस ते तिथे सगळ्यांसमोर सांग." ती लगेच तयार झाली. तिलाही अंगण हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिला पायरी पायरीने खाली आणलं आणि ऑटोत घातलं. मुंज्यावर मशीन आल्याची बातमी वस्तीत पसरली होती. बाया नारळ, हळदकुंकू घेऊन जमल्या होत्या. ठेकेदार आणि ऑपरेटरही होते. आई ऑटोतूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "अवं बायाहो, हा काई देव नाही. ह्या दगडावर म्या धुणं धुतलं हाय. शेंदूर बी म्याच लावला, जागा वाचवाले."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, सुटले.

मग एक म्हातारी पुढे आली. तिने आईचे पाय धरले. "माय, त्यानंच तुमच्या हातून लावून घेतला. माह्या नातवाले इथंच गुण आला."

मग रांगच लागली. आई "नाही वं, नाही," म्हणत पाय मागे घेत होती. एक नवी सून वाकली, तेव्हा मात्र आईचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. मी ओरडले, "आई!" तिने माझ्याकडे बघितलंच नाही. शेवटी ऑपरेटरही पाया पडून गेला.

"पाह्यलं न मॅडम?" ठेकेदार म्हणाला. "आता तं कोनाचंच मशीन येत नाही इथं." आणि जेसीबी धूर सोडत निघून गेला.

घरी जिना चढताना आई अर्ध्यावर थांबली. कठडा धरून धापा टाकत होती. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं.

"पावत असन का वं तो खरंच?" तिने विचारलं.

"मग त्यालाच सांग तुला वर उचलून न्यायला," मी खेकसले.

मी तिच्या काखेत हात घातला आणि आम्ही पुढची पायरी चढलो.